दाजींची थंडी निघते तिथं : भुसावळ ते औली

भरीत पार्टीत ठरलेले बेत सहसा भरीत पचेपर्यंत टिकतात. हा टिकला, कारण दाजींनी तो मनाला लावून घेतला.

डिसेंबरातली रात्र. रावेर तालुक्यातल्या दाजींच्या मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, बायका कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी थापत होत्या आणि दाजी दर दहा मिनिटांनी मोबाईलवर पारा बघत होते. केळीवाल्याचं हिवाळ्यात असंच असतं. पारा दहाच्या खाली गेला की केळीला चरका बसतो, वाढ थांबते, निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, लांबते. भाचा म्हणाला, "बाबा, हिमालयात बर्फ पडला की दोन-तीन दिवसांनी आपल्याकडं वारं येतं. पेपरात रोज तेच असतं, उत्तरेकडून येणारे थंड वारे."

दाजींनी वांगं उलटलं. "मंग येकदा जाऊन पाहू तरी, कुठून येते ते."

मी रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालो (आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पगार तोच), त्यामुळे प्रवास ठरवायचं काम घरात आपोआप माझ्याकडे येतं. गुलमर्ग, मनाली आणि औली अशी तीन नावं होती. गुलमर्गचा गोंडोला जवळपास चार हजार मीटरपर्यंत नेतो, पण ताईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, तेवढ्या उंचीची जोखीम नको वाटली. मनालीला जाऊन आलेले आमच्या गल्लीतच चार जण होते, त्यांनी गर्दीचं वर्णन करून तो विषय संपवला. औलीच्या वाटेवर प्रयाग, म्हणजे नद्यांचे पवित्र संगम, लागतात म्हटल्यावर ताईनं निकाल दिला. खरं म्हणजे तिला बद्रीनाथला जायचं होतं. हिवाळ्यात मंदिराची दारं बंद असतात हे सांगूनही ती म्हणाली, "मग दारापर्यंतच्या गावात तर जाऊ."

औली ठरवणाऱ्यांनी दोन गोष्टी आधीच ऐकून ठेवा. जोशीमठ ते औली हा सुमारे 4 किलोमीटरचा रोपवे जाहिरातींच्या फोटोंत अजूनही डौलात दिसतो, पण जोशीमठची जमीन खचायला लागली तेव्हापासून, म्हणजे जानेवारी 2023 पासून तो बंद आहे. आम्ही गेलो तेव्हाही बंदच होता. वर जायचं ते गाडीनं, पंधराएक किलोमीटर वळणांचा रस्ता. दुसरी गोष्ट बर्फाची. जानेवारी-फेब्रुवारी हा हंगाम खरा, पण बर्फाचं रिझर्व्हेशन होत नाही. पुरेसा बर्फ नाही म्हणून औलीतल्या राष्ट्रीय स्पर्धासुद्धा रद्द झालेल्या आहेत. म्हणून मी बेतात एक दिवस मोकळा सोडला. घरात त्यावर बरीच थट्टा झाली. गार्डाचा स्वभाव, गाडी लेट धरूनच चालायचं.

दिवस पहिला आणि दुसरा

मध्यरात्रीनंतर भुसावळला पंजाब मेल पकडली. 1912 पासून धावणारी गाडी. मी तिला किती वेळा हिरवा दिवा दाखवला असेल याचा हिशेब नाही, प्रवासी म्हणून मात्र हा तिसरा की चौथा प्रवास. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि दाजींच्या मळ्यातली दोन फण्या केळी एवढं सामान खाण्याचं. दिल्लीहून रात्रीच्या गाडीनं हरिद्वार. सकाळी हर की पौडीवर ताई आणि बायकोनं गंगेत डुबकी मारली, दाजींनी पाण्यात बोट घातलं आणि काढून घेतलं. आम्ही त्या दिवशी तिथंच राहिलो. साठीच्या पुढच्या माणसांनी रात्रभराच्या प्रवासानंतर लगेच पहाड चढू नये, असं माझं मत आहे.

दिवस तिसरा : चार संगम आणि एक मोठा बोगदा

ऋषिकेशपासून जोशीमठ सुमारे अडीचशे किलोमीटर. आपल्याकडे हा पाच तासांचा हिशेब. तिथं पहाटे पाचला निघालो आणि संध्याकाळी साडेपाचला पोचलो. अंधार पडल्यावर पहाडात गाडी चालवायची नाही, हा आमच्या ड्रायव्हरचा नियम होता. तो गोपेश्वरकडचा, पंचविशीतला, बोलायला गोड. बायकांना 'माताजी' आणि मला 'अंकलजी' म्हणायचा. दाजींना मात्र पहिल्या चहापासून 'दाजी'च म्हणू लागला, आम्ही म्हणतो ते ऐकून. दाजींनाही ते आवडलं.

देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी मिळतात आणि तिथून पुढे गंगा हे नाव लागतं. वरच्या कठड्यावरून दोन्ही पाणी वेगवेगळं ओळखू येतं. भागीरथी आरडाओरडा करत येते, अलकनंदा गुपचूप. ड्रायव्हर म्हणाला, "यहाँ इनको सास-बहू बोलते हैं." कोण सासू, असं ताईनं विचारलंसुद्धा नाही. थोडा वेळ बघून म्हणाली, "पुढं जाऊन एकच होतात ना, मग झालं."

पुढे रुद्रप्रयागला मंदाकिनी, कर्णप्रयागला पिंडर, नंदप्रयागला नंदाकिनी. पाचवा विष्णुप्रयाग जोशीमठच्या पुढे, खाली दरीत आहे. तो दुसऱ्या दिवसावर ठेवला.

माझं लक्ष निम्मं नदीकडे आणि निम्मं रेल्वेकडे होतं. ऋषिकेश ते कर्णप्रयाग अशी 125 किलोमीटरची लाईन होते आहे आणि त्यातला शंभराहून जास्त किलोमीटर बोगद्यात. ठिकठिकाणी डोंगराला पडलेली तोंडं, क्रेन, मुरूमाचे ढीग. कसाऱ्याला मागून बँकर इंजिन लावून घाट चढणाऱ्या गाड्यांवर माझं अर्धं आयुष्य गेलं. ही लाईन बघून पहिला विचार आला तो असा की, इथल्या गार्डाला दिवसभर ब्रेकव्हॅनमधून दिसणार काय?

जेवण रुद्रप्रयागच्या अलीकडे एका छोट्या ढाब्यावर. राजमा-भात सगळीकडे मिळतो, तो टाळून ड्रायव्हर खातो ते मागवा. आम्हाला चैंसू मिळाली. उडीद कोरडे भाजून, भरडून केलेली दाट काळपट डाळ. सोबत मंडुव्याची रोटी, म्हणजे आपली नागलीच. बायकोनं दोन घास खाल्ले आणि थेट आत चुलीपाशी गेली. दहा मिनिटांनी परत आली ती मालकिणीकडून कृती घेऊन, आणि तिला कळण्याच्या पिठाचं प्रमाण सांगून. एकीला मराठी येत नव्हती, दुसरीची हिंदी मुंबईच्या सीरियलमधली. उडदावर भागलं.

दिवस चौथा : जोशीमठ

सकाळी खिडकी उघडली तर समोर बर्फाचे डोंगर, पण दूरवर. गावात बर्फाचा ठिपका नाही. हॉटेलवाल्यानं सांगितलं, वर औलीतही पंधरा दिवसांत काही पडलेलं नाही. भाच्याचं तोंड पडलं. दाजी म्हणाले, "आपल्याकडं पान्याचं असंच असते. येतो म्हनते अन् येत नाही."

जोशीमठ (सरकारी नाव आता ज्योतिर्मठ) बहुतेक लोक फक्त मुक्कामापुरतं बघतात. आम्ही पूर्ण दिवस दिला आणि मला वाटतं तोच सहलीतला सगळ्यात लक्षात राहणारा दिवस. नृसिंह मंदिरात हिवाळ्यात शंकराचार्यांची गादी असते. मूर्तीचं एक मनगट दरवर्षी बारीक होत जातं, अशी श्रद्धा आहे. ते तुटेल तेव्हा नर आणि नारायण हे दोन पर्वत एकमेकांना मिळतील, बद्रीनाथची वाट बंद होईल आणि पुढे पूजा भविष्य बद्रीला होईल. ताई बराच वेळ हात जोडून उभी होती.

मंदिरातून बाहेर पडून खालच्या गल्ल्यांत शिरलं की त्या कथेचा अर्थ वेगळाच लागतो. काही घरांवर, राहायला धोक्याची म्हणून मारलेल्या, लाल फुल्या अजून आहेत. काही जागी नुसता चौथरा. 2022 च्या डिसेंबरअखेर आणि 2023 च्या जानेवारीत, बारा दिवसांत गाव 5.4 सेंटिमीटर खचल्याचं इस्रोच्या उपग्रहचित्रांवरून सांगितलं गेलं होतं. आठशेहून जास्त घरांना तडे गेले. हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं आहे, इथं जड बांधकाम करू नका, असं 1976 मध्येच मिश्रा समितीनं लिहून ठेवलं होतं.

आम्ही चहाला थांबलो ती टपरी एका बाईंच्या घराच्या ओट्यावर होती. आतली भिंत दिसत होती. जमिनीपासून छतापर्यंत तिरकी भेग, तिच्यावर तीन ठिकाणी सिमेंटची बोटभर पट्टी आणि प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीनं तारीख. मला ते लगेच कळलं. रेल्वेच्या पुलाला चीर गेली की आमच्याकडे इंजिनिअरिंगवाले हेच करतात. पट्टी तुटली तर चीर चालू, शाबूत असेल तर थांबली. मी विचारलं, शेवटची कधीची? बाई म्हणाल्या, "पिछली बरसात की. अभी तक साबुत है." आणि बोटानं ती पट्टी चाचपली, रोज पूजा करताना घंटेला हात लावावा तशी. मग आमच्याकडून केळी घेतली आणि त्याबदल्यात चार माल्टा दिले. माल्टा म्हणजे पहाडी संत्रं, आंबट-गोड. ते फोडून भांगेच्या बियांच्या मिठाबरोबर खातात. नावाला बिचकू नका, चव भाजलेल्या तिळासारखी लागते.

दुपारी विष्णुप्रयाग. धौलीगंगा आणि अलकनंदा. ताईचे पाचही पूर्ण झाले आणि त्यानंतर बर्फ पडो न पडो, तिची सहल वसूल होती.

दिवस पाचवा : औली, तपकिरी

वर जाताना उन्हाच्या वळणावर रस्ता कोरडा आणि सावलीच्या वळणावर काचेसारखा. ड्रायव्हर त्याला 'पाला' म्हणतो, रात्री गोठलेलं दव. दिसत नाही, म्हणून बर्फापेक्षा वाईट. तुम्ही स्वतःची गाडी घेऊन जाणार असाल तर जोशीमठला ती लावून स्थानिक गाडी करा. चाकांना चेन कशी लावायची हे आपल्याला पाहून कळतं, करून येत नाही.

औली म्हणजे गाव नाही, एक उतार आहे. साधारण 2,500 पासून 3,050 मीटरपर्यंत, सुमारे तीन किलोमीटर लांब. त्याच्या कडेनं हॉटेलं, गढवाल मंडळ विकास निगमचं विश्रामगृह, चेअरलिफ्ट आणि आयटीबीपीची (भारत-तिबेट सीमा पोलिसांची) गिर्यारोहण व स्कीइंगची संस्था. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथं झाल्या होत्या. वरच्या बाजूला एक तळं खोदलं आहे, कृत्रिम बर्फ करायच्या यंत्रांना पाणी मिळावं म्हणून. आम्ही पोचलो तेव्हा त्या प्रसिद्ध उतारावर वाळलेलं गवत, मधे मधे मळकट बर्फाचे पट्टे आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या पट्ट्यावर पन्नास माणसं फोटो काढत. आपल्या गावच्या आठवडे बाजारात याहून जास्त शांतता असते.

खोलीबद्दलही सांगून ठेवतो. बुकिंगच्या वेळी 'गरम पाणी चोवीस तास' आणि 'हीटर' लिहिलेलं होतं. पाणी सकाळी दोन बादल्या, हीटरचे रोजचे पैसे वेगळे. भांडून उपयोग झाला नाही. आधी फोन करून तीन प्रश्न विचारा : हीटरचे पैसे किती, वीज गेल्यावर काय, आणि गाडी दारापर्यंत येते का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण आम्हाला शेवटचे तीनशे पायऱ्यांसारखे दगड बॅगा घेऊन चढावे लागले. त्या उंचीवर तीनशे म्हणजे इथले हजार.

चेअरलिफ्टनं वर गेलो आणि तिथं मात्र सगळ्या तक्रारी मागे राहिल्या. समोर नंदादेवी, 7,816 मीटर. कांचनगंगेनंतर देशातलं सगळ्यात उंच शिखर. डावीकडे द्रोणागिरी. ड्रायव्हर म्हणाला, त्याच्या पायथ्याच्या द्रोणागिरी गावात हनुमानाची पूजा करत नाहीत. संजीवनीसाठी त्यानं त्यांच्या देवाचा, म्हणजे पर्वताचा तुकडा नेला, तो राग अजून आहे. आमच्या भुसावळात दर दोन गल्ल्यांना मारुती. दाजी हसून म्हणाले, "बरोबर हाये. कोनी माह्या बांधावरचा लिंबाचा फाटा तोडला तं मी दहा वर्सं बोलत नाही."

चारच्या सुमारास नंदादेवीच्या डोक्यावर ढगाची पातळ टोपी आली. चहावाल्यानं वर पाहून स्टॉलची ताडपत्री खाली ओढली. भाच्याचा मोबाईल 'अंशतः ढगाळ' सांगत होता. मी ताडपत्रीवर विश्वास ठेवला.

दिवस सहावा

रात्री वीज गेली. पहाटे जाग आली ती शांततेनं. रोज ऐकू येणारं पाण्याचं, कुत्र्याचं, लांबच्या जनरेटरचं काहीच नाही. खिडकीची काच पांढरी. दार ढकललं तर गुडघ्याच्या खालपर्यंत बर्फ.

दाजी लुंगीवर स्वेटर, त्यावर ताईची शाल अशा वेशात बाहेर आले आणि काही न बोलता उभे राहिले. मग वाकून मूठभर बर्फ उचलला आणि भाव करताना कापूस दाबून बघतात तसा दाबला. "हलका हाये," म्हणाले.

आत आले तर दुसरं आश्चर्य. खिडकीपाशी ठेवलेली उरलेली केळी एका रात्रीत काळी पडली होती. आदल्या दिवशी पिवळीधमक. ताई म्हणाली, पिकली. दाजी म्हणाले, पिकली नाही. एक सोलून दाखवलं. साल काळी, आतला गर कडक आणि पांढरा. पिकवण्याच्या खोलीत पारा तेराच्या खाली गेला तर व्यापारी डोक्याला हात लावतात, ते यासाठी. साल मरते आणि आतलं पिकणं थांबतं. बर्फ बघायला आलेल्या पाहुण्यांना दाजींनी पुढची वीस मिनिटं त्या काळ्या केळ्यावर व्याख्यान दिलं. पुण्याच्या एका कुटुंबानं त्याचा व्हिडिओही काढला.

स्कीइंग मी आणि भाच्यानं केलं. बूट, पट्ट्या (म्हणजे स्की), काठ्या भाड्यानं मिळतात. शिकवणारा मुलगा वेगळा ठरवावा लागतो, भाव आधी बोलून घ्या आणि तासाचा की दिवसाचा ते नक्की करा. नीट शिकायचं असेल तर गढवाल मंडळ विकास निगमचे 7 आणि 14 दिवसांचे वर्ग असतात. आमच्यासारख्यांना दोन तास पुरतात. बुटात पाय म्हणजे प्लास्टरमधला पाय, घोटा वाकतच नाही. थांबायचं कसं, हे पहिलं शिकवतात आणि ते मला फार पटलं. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची, मागची लांब करायची, टाचा बाहेर ढकलायच्या. मुलगा 'पिज़्ज़ा, अंकलजी, पिज़्ज़ा' ओरडत होता. माझ्या डोक्यात काही शिरेना. काठावर चहा पीत बसलेले दाजी ओरडले, "अरे, बैलगाडीच्या दांड्या जुवाकडं कशा येतात, तसं कर!" आणि मी थांबलो. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून ब्रेक सांभाळले, पण स्वतःच गाडी असताना ब्रेक लागण्याचा आनंद निराळा. अर्थात त्याआधी सात वेळा पडलो होतो. पडल्यावर पट्ट्या उताराला आडव्या करून उठा, उताराच्या दिशेनं ठेवून नाही. नाही तर उठता उठता पुन्हा निघता.

कपड्यांचं म्हणाल तर एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. जीन्स नकोच, भिजली की दिवसभर वाळत नाही. गॉगल हवाच, नव्या बर्फावरचं ऊन आपल्या मे महिन्याच्या उन्हासारखं डोळ्यांत जातं. मोबाईल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. आणि रोख पैसे. वीज आणि रेंज दोन्ही गेल्यावर क्यूआर कोड नुसतं चित्र असतं.

दिवस सातवा : राखीव

रस्ता बंद. थट्टा झालेला माझा मोकळा दिवस इथं कामी आला. शेजारच्या खोलीतल्या जोडप्याची त्याच रात्री दिल्लीहून गाडी होती, ती गेली. आम्ही स्वयंपाकघरातल्या चुलीभोवती बसून राहिलो. स्वयंपाक्याला दशमी आवडली, ठेच्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं आणखी मागितला. तो सांगत होता, या बर्फाची त्यालाही गरज होती. उन्हाळ्यात झऱ्यांना पाणी याच्यामुळेच येतं, सफरचंदाच्या झाडालाही ही थंडी लागतेच, तिच्याशिवाय बहर नीट येत नाही. दाजींनी ते दोनदा विचारून घेतलं. थंडी हवी असलेलं फळझाड त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं.

दुपारनंतर ढग फाटले आणि वारं सुटलं. कोरडं, सपाट, दातांत शिरणारं. दाजी अंगणात तोंड उत्तरेकडे करून उभे राहिले, मग पाठ फिरवून दक्षिणेकडे बघितलं. ताई आतून ओरडली, "अहो, टोपी घाला."

परतीचे दोन दिवस

सकाळी मशीननं रस्ता मोकळा केला, चेन लावलेल्या गाडीतून उतरलो, पुढचं सगळं आलो तसंच. जोशीमठच्या टपरीवर थांबलो. पट्टी शाबूत होती.

दिल्लीहून पहाटे पंजाब मेल धरली. रात्री खंडवा सोडल्यावर दाजींचा फोन वाजला, मळ्यातून सालदाराचा. त्याचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. दोन दिवसांपासून एकदम गारठा पडलाय, काल पहाटे पारा नऊवर होता, काय करू?

"रातीले पानी सोड केयीले," दाजी म्हणाले. "अन् बांधावर काडीकचरा पेटव, नुसता धूर झाला पायजे, जाळ नको."

"पन मालक, एकदम कशी काय आली?"

बाहेर अंधारात बऱ्हाणपूर मागे पडत होतं आणि रावेरकडच्या बागा सुरू व्हायच्या होत्या. दाजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मले काय इचारतो? निघाली तवा मी तिथीच उभा होतो."